न दिसणारी जखम आणि तिच्या औषधांची परीक्षा



या व्यासपीठावरून आपण प्राध्यापकांची, साहित्यिकांची आणि वकिलांची व्याख्याने ऐकत आला आहात. कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्याने तेथे उभे राहून मेंदूच्या औषधोपचारावर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. आमची शाळा सातवीपाशी सुटली आणि वैद्यक आम्ही शिकलो नाही. पण गेली तीस वर्षे अपघातात सापडलेल्या माणसांचे कागद काखोटीला मारून आम्ही दवाखान्यांच्या, वैद्यकीय मंडळांच्या आणि न्यायालयांच्या पायऱ्या झिजविल्या आहेत. दाखल्यातील कोणत्या शब्दाने पैसे मिळतात आणि कोणत्या शब्दाने बुडतात, हे त्यात कळले. शब्दकोश उशाशी ठेवून इंग्रजी वाचू लागलो तेही या दाखल्यांपायीच. तेव्हा आजचा विषय आम्ही डॉक्टरांच्या खुर्चीवरून नव्हे, तर खाटेवर पडलेल्या माणसाच्या बाजूने मांडणार आहो.

लढाईत ज्याच्या मेंदूला हादरा बसला किंवा ज्याचे मन मोडले, त्या सैनिकाला बरे करण्याचे जे उपाय सांगितले जातात ते खरे की खोटे, हे कसे ठरवावयाचे, हा तो विषय. तो आपल्यापासून फार दूरचा आहे असे कोणी समजू नये. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात, आणि या सभागृहातही ज्यांचा भाऊ अथवा मुलगा पलटणीत आहे असे पुष्कळ लोक बसलेले असतील. तथापि ज्या प्रयोगांविषयी आम्ही बोलणार आहो ते बहुतेक इंग्लंड-अमेरिकेत झाले, म्हणून तिकडच्याच हकीकती सांगाव्या लागतील.

पहिल्या महायुद्धापासून आरंभ करू. १९१५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स मायर्स या इंग्रज डॉक्टराने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तीन सैनिकांची हकीकत प्रसिद्ध केली. तोफेचे गोळे जवळ फुटले होते. अंगावर म्हणण्यासारखी जखम नव्हती. पण त्यांची दृष्टी अधू झाली, वास व चव गेली, स्मरणशक्तीत खळगे पडले. या प्रकाराला ‘शेलशॉक’, म्हणजे तोफगोळ्याचा धक्का, हे नाव छापील स्वरूपात तेथे आले. पुढे हजारो सैनिक असेच परतू लागले. कोणाची वाचा गेलेली, कोणाचे पाय थरथरतात, कोणी रात्री किंचाळून उठतो.

आता सैन्याच्या कचेरीपुढे प्रश्न उभा राहिला तो पैशाचा. त्यांनी युक्ती काढली ती अशी. शेलशॉकच्या रुग्णाच्या कागदावर एक अक्षर लिहावयाचे. शत्रूच्या गोळ्याच्या स्फोटाने झाले असेल तर ‘डब्ल्यू’, म्हणजे जखमी. नाहीतर ‘एस’, म्हणजे आजारी. ‘डब्ल्यू’वाल्याला बाहीवर जखमेची पट्टी लावण्याचा मान होता, पेन्शनीचा दावा होता. ‘एस’वाल्याला यातले काही नव्हते. दोघेही शेजारच्या खाटांवर सारखेच थरथरत असत. एका अक्षराने एक वीर ठरे आणि दुसऱ्याकडे लोक संशयाने पाहत. स्वतः मायर्सलाच पुढे या नावाचा वीट आला आणि ते वापरूच नये असे तो म्हणू लागला, यात नवल नाही. त्याच युद्धात पळून जाणे, भ्याडपणा अशा आरोपांखाली ज्यांना इंग्रजी लष्करी न्यायालयांनी गोळ्या घालविल्या त्यांपैकी ३०६ जणांना ब्रिटिश पार्लमेंटने २००६ साली माफी दिली. त्यांतले काही याच दुखण्याचे होते असे आज मानतात. नव्वद वर्षांनी आलेल्या माफीचा उपयोग फार तर नातवंडांना झाला असेल.

या अक्षराची गोष्ट प्रथम वाचली तेव्हा आम्हांस आमच्याकडचा एक दाखला आठवला. दगडखाणीत काम करणारा एक गडी सुरुंगाच्या स्फोटात हातभर उडून पडला. दगड लागला नाही, हाड मोडले नाही. पुढे त्याला सकाळचे दुपारी आठवेना, उजेड सहन होईना, आणि जो माणूस मुंगीलाही पाय लागू देत नसे तो बायकोवर हात उगारू लागला. मालकाकडच्या डॉक्टराने लिहिले, ‘बाह्य इजा नाही. कामावर येण्यास हरकत नाही.’ या दोन वाक्यांशी आम्ही तीन वर्षे झगडलो. तडजोडीने जे पैसे मिळाले ते कर्जात गेले.

पण जखम खरोखर होती का? ‘डब्ल्यू’ आणि ‘एस’ यांच्यात भेद करणारी एखादी खूण मेंदूत सापडते का? फ्रेडरिक मॉट या डॉक्टराने त्याच युद्धाच्या काळात अंगावर जखम नसताना दगावलेल्या काही सैनिकांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि त्यांत बारीक बारीक रक्तस्राव झालेले पाहिले. पुढे मनोविश्लेषणाचे दिवस आले आणि हा धागा तुटल्यासारखा झाला. तो पुन्हा हाती लागण्यास शंभर वर्षे जावी लागली. २०१६ साली अमेरिकेतील सैनिकी वैद्यकीय विद्यापीठाचे डॅनियल पर्ल आणि त्यांचे सहकारी यांनी स्फोटांत सापडलेल्या आणि नंतर मृत्यू पावलेल्या आठ सैनिकांचे मेंदू तपासून अहवाल दिला. मेंदूचा करडा भाग आणि पांढरा भाग जेथे एकमेकांस भिडतात त्या सीमेवर, रक्तवाहिन्यांभोवती, आणि मेंदूभोवतीच्या पाण्याच्या कडेला, विशिष्ट प्रकारचे वण त्यांना आढळले. मोटार-अपघाताने किंवा खेळातील माराने डोके दुखावलेल्यांच्या मेंदूत या धर्तीचे वण नव्हते. हे वण जिवंत माणसाच्या नेहमीच्या एम. आर. आय. चित्रात दिसत नाहीत. आठ मेंदू म्हणजे फार थोडे, हे खरे. पण ‘चित्रात काही नाही, म्हणून माणसाला काही झालेले नाही’ असे लिहिणाऱ्याचा हात या आठांनी जरा तरी अडवावा.

दुसऱ्या बाजूलाही सत्य आहे, आणि ते सांगितले पाहिजे. २००८ साली चार्ल्स होग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इराकमधून परतलेल्या २,५२५ अमेरिकी पायदळ सैनिकांची पाहणी प्रसिद्ध केली. डोक्याला मार लागून जे बेशुद्ध पडले होते त्यांच्यापैकी सुमारे ४४ टक्के जणांत पी. टी. एस. डी.ची, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या मनोविकाराची, लक्षणे होती. कोणतीच इजा न झालेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. आणि हिशेबातून हा मनोविकार व उदासीनता वेगळी काढली, तर डोक्याच्या मारामुळे म्हणून जी दुखणी राहिली त्यांत ठळक एवढी डोकेदुखीच उरली. अर्थात मेंदू आणि मन यांची गाठ एकाच ठिकाणी पडलेली असते. हा माणूस मेंदूचा रोगी की मनाचा, असे विचारणारे मंडळ आम्हांस त्या ‘डब्ल्यू-एस’वाल्या कारकुनाचेच वंशज वाटते.

या मनोविकाराला नाव कसे मिळाले, हे आमच्या धंद्याच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचा रोगांच्या नावांचा एक अधिकृत ग्रंथ असतो. १९५२ च्या पहिल्या आवृत्तीत लढाईच्या ताणातून होणाऱ्या विकाराला जागा होती. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत, व्हिएतनामचे युद्ध ऐन भरात असताना, ती जागा काढून टाकली गेली! नाव नाही म्हणून रोग नाही, आणि रोग नाही म्हणून भरपाई नाही. मग १९७० साली न्यूयॉर्कमध्ये युद्धाला विरोध करणारे व्हिएतनामचे माजी सैनिक आपापसांत बैठका घेऊन बोलू लागले. त्यांनी रॉबर्ट लिफ्टन आणि चेम शॅटन या दोन मनोविकारतज्ज्ञांना त्यांत बोलाविले, पण बैठकीचे यजमान सैनिकच राहिले. या चळवळीने दहा वर्षे पिच्छा पुरविला तेव्हा १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत पी. टी. एस. डी. हे नाव दाखल झाले. शास्त्र आपल्या गतीने चालते असे म्हणतात. येथे त्याला मागून धक्का देणारे लोक होते.

नाव मिळाले. आता औषध. आणि येथे, श्रोतेहो, आमच्या विषयाचा खरा गाभा येतो, कारण ज्याची जखम दिसत नाही त्याच्यावर दोन प्रकारचे लोक टपलेले असतात. एक म्हणतो, ‘तुला काही झालेलेच नाही.’ दुसरा म्हणतो, ‘तुला जे झाले आहे त्यावर आमच्याकडे रामबाण इलाज आहे.’ यांतला दुसरा कमी घातक आहे असे आम्ही मानीत नाही. पहिल्या महायुद्धात लंडनमध्ये लुईस यीलँड हा डॉक्टर मुक्या झालेल्या सैनिकाला खोलीत कोंडून त्याच्या घशाला विजेचे झटके देत असे, आणि बोलल्याशिवाय सोडीत नसे. त्याच वेळी स्कॉटलंडमध्ये क्रेगलॉकहार्ट येथे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे अधिकाऱ्यांना बसवून शांतपणे त्यांचे ऐकून घेत. (हे रिव्हर्स म्हणजे निलगिरीच्या तोडा लोकांवर ग्रंथ लिहिणारेच.) आपण अर्थातच रिव्हर्सच्या बाजूला आहो. पण कोणाच्या उपायाने किती बरे झाले आणि किती पुन्हा आजारी पडले, याची शिस्तशीर तुलना कोणीच केली नाही. दयाळू डॉक्टरही केवळ दयाळू आहे म्हणून बरोबर ठरत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत सुमारे दोन हजार माणसांच्या मेंदूचे पुढचे धागे शस्त्राने तोडण्यात आले. १९४९ साली त्या शस्त्रक्रियेच्या जनकाला नोबेल पारितोषिकही मिळाले होते.

मग परीक्षा घ्यावयाची कशी? आमच्या भगिनी भिशी चालवितात, त्यांना ही रीत चटकन कळेल. रुग्णांची नावे घेऊन चिठ्ठ्या टाकावयाच्या. चिठ्ठीप्रमाणे अर्ध्यांना खरे औषध, अर्ध्यांना तसेच दिसणारे लटके औषध. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. संघटनेच्या निवडणुकीत मतपेटी उमेदवाराच्या मेहुण्याकडे मोजावयास देत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. असे केले की कोणाच्याही गोड बोलण्याला वाव राहत नाही.

या रीतीने काय उघडकीस येते याचे एक भयंकर उदाहरण सैनिकांबाहेरचे आहे, पण डोक्याच्या माराचे आहे म्हणून सांगतो. डोक्याला जबर मार लागला की सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड टोचण्याचा प्रघात जगभर तीसेक वर्षे होता. तर्काला ते पटत होते. २००४ साली १०,००८ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगाचा निकाल आला. लटके औषध घेतलेल्यांपैकी दोन आठवड्यांत शेकडा १७.९ दगावले होते, आणि स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी शेकडा २१.१. प्रयोग अर्ध्यावर थांबविण्यात आला. शंभरात तीन माणसे अधिक मरत होती, आणि एकेका डॉक्टराला आपल्या खाटांवर ते कधी दिसणेच शक्य नव्हते. त्याच पद्धतीने १२,७३७ रुग्णांवर २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या प्रयोगात ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे रक्तस्राव रोखणारे स्वस्त औषध तीन तासांच्या आत दिल्यास सौम्य व मध्यम माराच्या रुग्णांत मृत्यू कमी होतात असे दिसले. फार जबर मार लागलेल्यांना त्याचा उपयोग दिसला नाही.

आता सैनिकांकडे परत येऊ. इराक आणि अफगाणिस्तानातून आलेल्यांविषयी ‘रँड’ या संस्थेने २००८ साली अंदाज दिला होता की सुमारे तीन लाखांना पी. टी. एस. डी. किंवा उदासीनतेचा विकार आहे आणि सुमारे तीन लाख वीस हजारांना मेंदूला मार बसला असण्याचा संभव आहे. एवढे रोगी म्हटल्यावर इलाज विकणारे आलेच. त्यांतला एक इलाज म्हणजे प्राणवायूची कोठी. लोखंडी बंद कोठीत माणसाला बसवावयाचे, आतला दाब वाढवावयाचा आणि शुद्ध प्राणवायू हुंगवावयाचा. पाणबुड्यांच्या दुखण्यावर हा उपाय खरोखर चालतो. मेंदूच्या जुन्या मारावरही चालतो असे पुष्कळांनी सांगितले, बरे झालेल्या सैनिकांनी छातीवर हात ठेवून सांगितले, आणि खाजगी दवाखाने पैसे घेऊ लागले.

अमेरिकी सैन्याने परीक्षा घ्यावयाचे ठरविले. पण कोठीचे सोंग कसे आणावे? गोळी साखरेची करता येते, कोठी कशाची करणार? त्यांनी असे केले की लटक्या गटालाही त्याच कोठीत बसविले, कान दडपतील एवढाच दाब चढविला, आणि प्राणवायूऐवजी साधी हवा दिली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ७२ सैनिक होते आणि त्यांचे तीन गट होते. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला खरी कोठी, तिसऱ्याला लटकी कोठी. दहा आठवड्यांत चाळीस वेळा तासतासभर बसावयाचे. निकाल असा लागला की खऱ्या कोठीवाल्यांना बरे वाटले, लटक्या कोठीवाल्यांनाही तितकेच बरे वाटले, आणि ज्यांना नेहमीचे उपचार मिळाले ते होते तेथेच राहिले. कोठीचे पुरस्कर्ते म्हणाले की थोडा दाब हाही उपचारच आहे. २०१८ मध्ये ७१ जणांवरच्या दुसऱ्या प्रयोगात खऱ्या कोठीला पहिल्या काही महिन्यांत थोडे अधिक गुण मिळाले, पण वर्षअखेर तो फरक उरला नाही.

या निकालावर आम्ही पुष्कळ विचार केला. पेन्शनीचा कारकून यातून म्हणेल, ‘पाहा, साध्या हवेने बरे झाले, म्हणजे दुखणे खोटेच होते.’ हा अर्थ साफ चूक आहे. दुखणे खरे होते आणि आलेला आरामही खरा होता. खोटे ठरले ते एवढेच, की आराम प्राणवायूने आला. मग कशाने आला? दहा आठवडे रोज कोणीतरी त्या माणसाची वाट पाहत होते, त्याला वेळेवर बोलावीत होते, ‘आज कसे वाटते’ म्हणून विचारीत होते, सोबत त्याच्यासारखाच दुसरा बसलेला होता, आणि तासभर त्याला कोणी हुकूम देत नव्हते. आमच्या मते येथे शोध करावयास पाहिजे. ज्या तिसऱ्या गटाला काहीच वाढले नाही तो आम्हांस सर्वांत अधिक अस्वस्थ करतो. नेहमीचे उपचार म्हणजे काय मिळते, ते त्या गटाने दाखवून दिले.

असाच प्रकार औषधांतही झाला. प्राझोसिन हे रक्तदाबाचे जुने औषध युद्धाच्या दुःस्वप्नांवर चालते असे छोट्या प्रयोगांत चांगले दिसले होते. २०१८ साली ३०४ माजी सैनिकांवरच्या मोठ्या प्रयोगात ते लटक्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. विशेष असे की मोठ्या प्रयोगाचे प्रमुख तेच मरे रस्किंड होते, ज्यांनी छोटे प्रयोग करून आशा निर्माण केली होती. स्वतःच्या आशेविरुद्ध गेलेला निकाल त्यांनी छापला. आमच्या पुढाऱ्यांपैकी कितीजण असा ताळेबंद छापतील, हा प्रश्न बाजूला ठेवू.

सगळेच फोल ठरले असे मात्र नाही. भीतीच्या प्रसंगाकडे पाठ न फिरविता, तज्ज्ञाच्या सोबतीने तो पुन्हा पुन्हा सांगावयाचा आणि टाळलेल्या गोष्टींना थोडे थोडे सामोरे जावयाचे, अशी एक पद्धत एडना फोआ यांनी बसविली आहे. २००७ साली २८४ स्त्रियांवर, बहुतेक माजी सैनिक, तिची परीक्षा झाली. तुलनेच्या गटालाही समजूतदार सल्लागार आणि तेवढाच वेळ दिला होता. उपचारानंतर या पद्धतीच्या गटातील ४१ टक्के आणि दुसऱ्या गटातील सुमारे २८ टक्के स्त्रिया विकाराच्या व्याख्येबाहेर आल्या. हा फरक टिकाऊ पायावर मिळविलेला आहे. पण २०१५ साली सैनिकांवरच्या अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा, या उत्तम उपचारांनंतरही सुमारे दोन तृतीयांश लोकांत विकार उरतोच, असे दिसले. जाहिरात करणारा ४१ हा आकडा सांगेल. खाटेवरच्या माणसाला दुसराही सांगितला पाहिजे. एम. डी. एम. ए. या गुंगीच्या द्रव्याच्या साहाय्याने करावयाच्या उपचाराला २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी औषध-नियंत्रकांनी मान्यता नाकारली. त्याची एक अडचण अगदी साधी होती. आपल्याला खरे द्रव्य मिळाले की लटके, हे घेणाऱ्याला तासाभरात कळतेच, मग मतपेटी गुप्त राहणार कशी?

आपल्याकडच्या दोन गोष्टी सांगतो. व्हिएतनामात कवटी फोडून जखम झालेल्या ४२१ सैनिकांना पंधरा वर्षांनी पाहिले तेव्हा ५३ टक्क्यांना फेफरे येऊ लागलेले होते, असा १९८५ चा अहवाल आहे. म्हणजे मेंदूचे दुखणे वर्षानुवर्षांनी दार ठोठावते, आणि तेव्हा नोकरीशी त्याचा संबंध सिद्ध करावयाचा कोणी, हा प्रश्न येतो. २०१३ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे फेफऱ्यामुळेच सैन्यातून काढलेल्या एका जवानाचे प्रकरण आले. त्याला लढाईत मार लागला होता असे नव्हे. न्यायालयाने ठरविले की भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल, तर तो नोकरीमुळे झाला असे गृहीत धरावे आणि तसे नसल्यास ते सरकारने सिद्ध करावे. खाणीतल्या त्या गड्याच्या वेळी असे गृहीतक आमच्या हाती असते तर! पुढे २०२३ च्या सप्टेंबरात सरकारने अपंगत्व-भरपाईचे नवे नियम काढले, आणि निवृत्त सैनिकांच्या संघटनांनी त्यांवर कडक टीका केली. तो वाद ज्यांच्या घरात पेन्शनीचे कागद आहेत त्यांनी मुळातून वाचावा.

शेवटची गोष्ट औषधाची नाही, यंत्रावरच्या जाळीची आहे. कारखान्यात बोटे तुटू लागली की आम्ही मलम मागत नाही, चाकावर जाळी मागतो. सैनिकांच्या मेंदूला बसणारे बरेचसे हादरे शत्रूचे नसून स्वतःच्याच तोफा, उखळी तोफा आणि खांद्यावरून डागण्याची अस्त्रे यांचे, तेही सरावाच्या मैदानावरचे, असतात, हे अलीकडे मान्य होऊ लागले आहे. शिकविणारा उस्ताद तर वर्षानुवर्षे तेथेच उभा असतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने हुकूम काढला. चौरस इंचाला चार पौंडांपेक्षा अधिक दाबाचा हादरा बसेल तेथे खबरदारीचे नियम पाळावयाचे, माणसांनी अस्त्रापासून किती अंतरावर उभे राहावयाचे ते ठरवावयाचे, आणि नव्या रंगरुटाची स्मरणशक्ती व लक्ष यांची चाचणी भरतीच्या वेळीच करून नोंद ठेवावयाची. ती नोंद पुढे वीस वर्षांनी एखाद्या वैद्यकीय मंडळापुढे ठेवता येईल.